सात लेपांचा मुखवटा

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा लोकांकडे सीमा होत्या, पण नकाशे नव्हते. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला मिठाचं पांढरं रान, असा एक अफाट भूखंड होता. एका टोकाला लोक न्याहारीला बसत, तेव्हा दुसऱ्या टोकाला दिवे लागत. तिथे डोंगरातले लोक होते, जंगलातले होते, किनाऱ्यावरचे होते, मिठाकडेचे होते. एकाची बोली दुसऱ्याला कळत नसे. एकाचं जेवण दुसऱ्याच्या घशाखाली उतरत नसे. तरीही कोणीही विचारलं तर सगळे म्हणत, "आम्ही एकच."

कशावरून? तर चेहऱ्यावरून.

मिठाच्या रानाच्या काठावर एक चौथरा होता. त्यावर दोन सागवानी खांबांच्या मधे, दोरखंडाला टांगलेला, माणसाएवढा उंच मुखवटा होता. त्याला सगळे 'भूमीचा चेहरा' म्हणत. दर बारा वर्षांनी गावोगावची माणसं येत आणि एकेक करून त्याच्यासमोरून जात. आपलं माणूस समोर आलं की मुखवटा पुढे झुके. वारा नसला तरी झुके. ज्याला पाहून तो हलला नाही, त्यानं सूर्य मावळायच्या आत मिठाच्या रानात चालू लागायचं. रानात गेलेलं कोणी परत आलेलं नव्हतं.

मेळ्याच्या आधी मुखवटा उतरवून जवळच्या मांडवात आणत आणि त्यावर नवा लेप चढे. माती, भुसा आणि चिंचोक्याची खळ कालवून. लढाई जिंकली त्या वर्षी चेहरा उग्र झाला. गलबतं भरून सोनं आलं त्या वर्षी कानांत कुंडलं आली. नवं कूळ येऊन मिळालं त्या वर्षी त्याची खूण आली. कधी डोळे बारीक झाले, कधी ओठ जाड. आणि दर वेळी म्हातारे सांगत, "हा पहिल्यापासून असाच आहे." बारा वर्षांपूर्वी ज्यांनी डोळ्यांनी दुसरा चेहरा पाहिला होता, तेही हेच सांगत. म्हाताऱ्यांची आठवण मोठी आज्ञाधारक असते. सांगाल ते विसरते.

लेप चढवण्याचं काम राहीच्या घराण्याकडे होतं. आईबाप गेले, भाऊ गलबतावर गेला तो आलाच नाही, आणि राहीला वाढवलं ते वहिनीनं. वहिनी मिठाकडेची. तिच्या हनुवटीवर तिच्या लोकांचं गोंदण होतं, तीन हिरवे ठिपके. तसेच तीन ठिपके मुखवट्याच्या हनुवटीवरही होते.

"वन्सं, यंदा मुखवट्यातल्या त्या बाईचं नाक तरी सरळ करा," वहिनी खळ ढवळताना म्हणाली. "अगदी तुमच्यासारखं बसकं झालंय."

"नाक राहू दे, वहिनी. तुमची खळ बघा आधी. पिठलं करताय का?"

दोघी हसत होत्या तेवढ्यात मांडवात सावली पडली. आबा आले होते. आबा म्हणजे सगळ्या वडीलधाऱ्यांचे मुख्य. कपाळावर आडवी पांढरी रेघ, त्यांच्या कुळाची खूण. तीच रेघ मुखवट्याच्या कपाळावरही होती.

"राही, यंदा नवा लेप नको," आबा म्हणाले. "हनुवटीवरचे ठिपके खरवडून काढ."

वहिनीचा हात खळीत थांबला.

"का, आबा?" राहीनं विचारलं.

"ते मूळचे नाहीत. मागाहून कोणीतरी घुसडलेत."

"ठिपके नसले तर मुखवटा मिठाकडेच्या लोकांना ओळखणार नाही."

"नाही ओळखणार," आबा शांतपणे म्हणाले. वहिनीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

आबा गेल्यावर वहिनीनं हात पुसले. "काढा, वन्सं. तुम्ही नाही काढले तर दुसरं कोणी काढेल. वर तुम्हालाही माझ्यासोबत धाडतील."

राहीनं खरवडायची रापी उचलली. डोकं तापलेलं होतं. दुसऱ्याच्या हाती रापी जाण्यापेक्षा आपल्या हाती असलेली बरी, एवढंच तिला कळत होतं. तिनं पहिला ठिपका खरवडला, आणि वर कपाळावरची पांढरी रेघ तडकली. दुसऱ्या ठिपक्यासरशी तिचा पोपडा सुटून खाली पडला.

ती धावत आबांकडे गेली. "आबा, ठिपके आणि तुमची रेघ एकाच लेपात आहेत. एक काढलं की दुसरं सुटतं. तुमचं कूळ आणि वहिनीचं कूळ एकाच मेळ्याला या चेहऱ्यावर आलेली आहेत."

"जीभ आवर!" आबांचा आवाज चढला. "तो लेप खोटा असेल. त्याच्याखाली जा. पहिला चेहरा लागेपर्यंत खरवड. तळाला आमचीच रेघ असणार."

"आणि नसली तर?"

"असणार."

"नसली तर, आबा?"

"तुमच्या पिढीला प्रश्न फार," आबा म्हणाले आणि बोलणं संपलं.

राही परत आली. आता तीही हट्टाला पेटली. तळाला काय आहे ते सगळ्यांना दिसू दे, मग वहिनीला कोण हाकलतं ते पाहू, असं तिला वाटलं.

भर दुपार होती. मांडवाबाहेर पांढरं रान तापून थरथरत होतं. एकही पाखरू ओरडत नव्हतं. राहीनं वरचा पहिला लेप पूर्ण उतरवला. खाली दुसरा चेहरा होता, डोंगरातल्या लोकांसारखा. डोळे उघडे. त्याच्याखाली तिसरा, जंगलातल्या लोकांसारखा. त्याचेही डोळे उघडे. प्रत्येक डोळ्याची खाच ओली होती, जणू लेप आतून कधी वाळलेच नव्हते. चौथ्या लेपाला रापी लागली तेव्हा आतून कुजबुज आली.

"मीच पहिली."

राहीनं हात मागे घेतला. पायाशी पडलेल्या तिसऱ्या लेपाचे ओठ हलले. "नाही. मीच पहिली."

"वहिनी, ऐकलंत?"

वहिनी पांढरी पडली होती. तिनं नुसती मान हलवली.

पाचवा गेला. सहावा गेला. जमिनीवर पडलेले तुकडे एकमेकांशी भांडत होते, वेगवेगळ्या बोलींत, एकाच आवाजात. सातवा लेप उतरला, आणि सगळे एकदम गप्प झाले.

तळाला चेहरा नव्हता. बांबूची एक मोठी पालथी टोपली होती. लांबच्या वाटेवर डोईवरून सामान न्यायला माणसं विणतात तशी. विणीत काही दाणे अडकले होते. ते धान्य त्या भूखंडात कुठेच पिकत नव्हतं. टोपलीच्या भोकांतून कोणीतरी श्वास सोडावा तशी गार हवा येत होती.

दुसऱ्या दिवशी मेळा भरला. टोपली पाहून वडीलधारे चरकले. पण आबांनी हात वर केला. "हाच मूळ चेहरा! इतका शुद्ध की त्याला नाकडोळ्यांचीही गरज नाही. टांगा."

टांगली. मान आबांचा, म्हणून पहिले तेच पुढे झाले. छाती काढून उभे राहिले.

टोपली हलली नाही.

आबा एक पाऊल पुढे गेले. मग आणखी एक. "मी आहे," ते म्हणाले. मग ओरडले, "अरे, मी आहे! तुला मीच घडवून घेतलाय!"

हजारो माणसांनी ते ऐकलं.

मग दुसरे वडीलधारे आले. टोपली हलली नाही. डोंगरातले आले, जंगलातले आले, किनाऱ्यावरचे आले, मिठाकडेचे आले. राही आली. कडेवरची मुलं आली. टोपली हलली नाही. नियम तो नियम. एकेक जण खाली मान घालून मिठाच्या रानात उतरत गेला. सूर्य कलला तेव्हा सगळा भूखंड रिकामा होता. शेतं होती, चुली होत्या, दारं उघडी होती, आणि दोन खांबांच्या मधे टोपली होती. आतून ती गार हवा आता मोठ्यानं येत होती, जेवण झाल्यावर ढेकर द्यावा तशी.

रानात माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. पायांना मीठ चरचरत होतं. कोणीच कोणाकडे पाहत नव्हतं.

तेवढ्यात वहिनीनं पदर खोचला आणि मागे फिरली.

"अगं, कुठे निघालीस?" आबा कापऱ्या आवाजात म्हणाले. "तुला ओळखलं नाही त्यानं!"

"मी त्याला विचारलंच कुठे?" वहिनी म्हणाली. "घरी दही लागलंय. आणखी उशीर झाला तर आंबट होईल. वन्सं, येताय ना?"

राही निघाली. तिच्या मागून एक डोंगरातली बाई निघाली, तिला गाईची धार काढायची होती. मग एक कोळी, मग दोन पोरं, मग सगळेच. चौथऱ्यापाशी आल्यावर राहीनं दोरखंड कापला. टोपली खाली पडली, साध्या टोपलीचा होतो तेवढाच आवाज करून. माणसांनी मूठ मूठ माती आणली, ज्यानं त्यानं आपल्या हातानं तिच्यावर लिंपली, आणि कोणीही म्हटलं नाही की हे पहिल्यापासून असंच आहे.

आबा मात्र आले नाहीत. आपली ओळख पटेल, मगच जाईन, म्हणाले. राहीनं दोनदा हाक मारली. ते चौथऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. मिठाच्या वाऱ्यानं आधी त्यांच्या कपाळावरची रेघ गेली, मग नाक झिजलं, मग ओठ. आजही त्या काठावरून जाणाऱ्यांना रानात कोणीतरी उभं दिसतं. त्याला चेहरा नाही, आणि तो प्रत्येकाला विचारतो, "मी कोण?"

बोध: सगळ्यांचा मिळून एक चेहरा हवा असेल, तर त्यावर लेप चढवत जावं; मूळ शोधायला खरवडत गेलं, तर तळाशी कोणीच आपलं नसतं.