रागात मारलेली गाठ

जंगल जिथे विरळ होते तिथे एक तळे होते, आणि त्या तळ्यावर ओणवलेल्या बाभळीवर एक सुगरण नर राहत असे. मुलांनो, सुगरण पक्ष्यांमध्ये घरटे विणतो तो नर, आणि ते पारखते ती मादी. हा नर विणण्यात फार वाकबगार होता. लांबच्या उतारावरून तो जांभळट कडेचे चिवट गवत आणी, चोचीने त्याची बारीक पाती चिरून काढी आणि एकेक पाते फांदीभोवती असे आवळी, की ओढले तर तुटेल, पण सुटणार नाही. त्याचे घरटे अर्धे झाले होते. एका सकाळी तो नवे पाते घेऊन परतला, तर घरटे एका बाजूला कलले होते. फांदीजवळची चार पाती कोणीतरी उपसून नेली होती. पलीकडच्याच डहाळीवर शेजारी नर स्वतःचे जवळजवळ पुरे होत आलेले घरटे विणत होता, आणि त्यात जांभळट कडेची चार पाती दिसत होती.

"ही पाती माझी आहेत," सुगरण नर म्हणाला.

"गवतावर काय तुझं नाव लिहिलंय?" शेजाऱ्याने मागे वळूनही पाहिले नाही.

सुगरण नराच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने शेजाऱ्यावर झडप घातली, दोघांची पिसे पाण्यावर तरंगली. पण पाती काही परत मिळाली नाहीत. मग त्याने फांदीजवळची गाठ पुन्हा मारायला घेतली. चोच गाठीवर होती, नजर मात्र शेजाऱ्यावर. एक वेढा घातला की मान वर, दुसरा वेढा घातला की मान वर. शेजारी नुसता हलला तरी तो पाते अर्धवट सोडून त्याच्या अंगावर धावून जाई आणि परतल्यावर, कुठवर आलो होतो हे न पाहताच, पुढचे पाते ओवायला घेई. दोन दिवस हेच चालले. तळ्यावर मासे टिपायला बसणारा एक खंड्या खालच्या फांदीवरून हे पाहत होता. तो म्हणाला, "अरे, तू गाठीकडे बघतच नाहीयेस."

"मला शिकवू नकोस. त्यानं माझी पाती चोरली आहेत."

"चोरली आहेत, खरं आहे. पण आत्ता चोचीत आहे ते पातं तर तुझंच आहे ना? त्याच्याकडे बघ."

"तुझी चोरली असती म्हणजे कळलं असतं," असे म्हणून सुगरण नराने पाठ फिरवली.

तिसऱ्या दिवशी एक मादी आली. चोरी होण्याआधी विणलेला घुमट तिने आतून निरखला. वीण घट्ट आणि एकसारखी होती. तिला घरटे पसंत पडले. नराने खाली लांब नळी विणून घरटे पुरे केले आणि मादीने आत तीन पांढरी अंडी घातली. दहा-बारा दिवसांनी एका दुपारी वारा सुटला. बाभळीवरची सगळी घरटी हेलकावे खाऊ लागली. शेजाऱ्याचे घरटे डुलत राहिले. सुगरण नराचे घरटे मात्र फांदीपासून सुटले आणि तीन अंड्यांसह तळ्यात पडले. मादी नळीतून कशीबशी बाहेर निसटली. नर घिरट्या घालत राहिला, पण पाण्यावर भिजलेल्या गवताशिवाय काही दिसेना.

"हे त्या चोरामुळे झालं," तो ओरडला.

मादी फांदीवर बसली होती. तिथे पात्यांचे काही तुकडे अजून अडकले होते. "पाती त्यानं नेली," ती म्हणाली. "ही गाठ तू मारलीस. प्रत्येक पातं एकाच वेढ्यावर सोडलं आहेस. माझी अंडी तू एका वेढ्यावर टांगलीस." एवढे बोलून ती उडून गेली.

नर थेट शेजाऱ्याच्या घरट्यावर गेला. ते फाडून टाकायचे, एवढेच त्याच्या डोक्यात होते. त्याने एक पाते चोचीत धरले आणि आतून चिवचिवाट ऐकू आला. पिल्ले होती. तो थांबला. तेव्हा त्याला कळले, की आपली छाती धडधडते आहे, नखे फांदीत रुतली आहेत, आणि चोच इतकी आवळली आहे की जबडा दुखतो आहे. इतके दिवस तो शेजाऱ्याला पाहत होता. आपल्या रागाला त्याने आज पहिल्यांदा पाहिले. राग गेला नाही. पण तो तसाच बसून राहिला, आणि हळूहळू चोच आपोआप सैल झाली. पाते सोडून तो उतारावर गवत आणायला गेला.

नवे घरटे फार सावकाश झाले. शेजारी समोरून उडत गेला की त्याच्या मनात तीच आग उसळे. मग तो पाते चोचीत धरून थांबे, छातीची धडधड उतरू देई आणि त्यानंतरच वेढा घाली. एकदा शेजारी पुन्हा पाती ओढायला आला. नराने त्याला चांगलेच टोचून हाकलले आणि लगेच परतून, गाठ कुठवर आली आहे ते आधी पाहिले. त्या वेढ्यापासून काम पुढे सुरू केले.

पावसाळा सरत आला असताना ती मादी पुन्हा आली. या वेळी ती आत शिरली नाही. आधी फांदीवर बसून तिने गाठ चोचीने ओढली, पाय रोवून पुन्हा ओढली, तिसऱ्यांदा लोंबकळून ओढली. गाठ हलली नाही.

"त्या तीन अंड्यांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही," ती म्हणाली.

"माझ्याही," नर म्हणाला.

ती घरट्यात शिरली.

मुलांनो, या गोष्टीचे तात्पर्य : अन्याय झाला की राग येणारच; पण राग आला आहे हे ओळखून जो हातातल्या कामावर लक्ष ठेवतो, त्याचे आणखी नुकसान होत नाही.