घुंगरू कुणाला बांधायचे?

प्रधान फार हुशार असला की राजाचा गोंधळ वाढतो, तशातली ही गोष्ट. राजा मकरसेनाच्या पोटरीत बाणाचं टोक रुतलं होतं आणि ते पुंडलिकशास्त्री आणि सोनाक्का या दोन वैद्यांपैकी कुणाकडून काढून घ्यावं, हेच त्याला ठरवता येईना.

प्रधान विक्रोजी म्हणाले, "दोघा वैद्यांच्या मनगटांना घुंगरू बांधू. भोपळ्यात रुतलेला बाण काढून चीर शिवायची. ज्याचे घुंगरू कमी वाजतील, त्याचा हात सराईत!"

पुंडलिकशास्त्र्यांचे सातदाच वाजले. सोनाक्काचे मात्र वाजतच राहिले, कारण आत तुकडा उरला नाही ना, हे ती पुन्हापुन्हा चाचपत होती.

"शास्त्रीबुवा जिंकले!" प्रधान गरजले.

राजा आणखीच चक्रावला. कमी हलणारा हात चांगला, की नीट शोधणारा?

"सोनाक्का, तुझं काय म्हणणं?"

"महाराज, घुंगरू भलत्याच जागी बांधलेत. ते रोग्याच्या पायात बांधा. महिन्याभराने ज्याचा रोगी छुमछुम करत दरबारात चालत येईल, तो वैद्य खरा."

"शास्त्रीबुवा, कबूल?"

"पायाचं... आधीच कसं सांगावं, महाराज?"

राजाने दुखरा पाय सोनाक्कापुढे केला.

"सोड ते मनगटातले, आणि बांध इथे."