दवंडीचा पहिला शब्द

रणधवल राजाच्या दरबारात दोन परमुलखांचे वकील आले होते. एकाच्या मुलखात सात सरदार मिळून कारभार बघत, दुसऱ्याकडे लोकच आपला प्रमुख निवडत. राजाला दोन्हींचं हसू आलं. त्याने दवंडीवाल्या सटवाजीला बोलावलं.

"सगळी सत्ता एकट्या राजाची, अशी दवंडी पिट. एक अक्षर चुकलं तर मान उडेल."

सटवाजीने गळ्यातली हलगी काढून राजापुढे ठेवली.

"ही दवंडी माझ्याच्यानं व्हायची नाही, महाराज. मी या तिन्ही मुलखांत हलगी वाजवलीय. सगळीकडे सुरुवात एकच, 'ऐका हो ऐका'. सत्ता एकट्या महाराजांची, तर आधी लोकांना विनवायचं कशाला? आणि विनवलं नाही, तर ऐकणार कोण?"

राजा सिंहासनावरून उतरला. त्याने हलगी उचलली आणि स्वतःच्या हाताने सटवाजीच्या गळ्यात घातली.

"अजून सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "मी ऐकतो."

दोन्ही वकील नकळत उठून उभे राहिले. मुजरा नेमका कोणाला करावा, हेच त्यांना कळेना.