खारूताईचं मोलाचं मत

प्राण्यांना बोलता यायचं, आणि त्यामुळे एकमेकांना गंडवताही यायचं, त्या काळची ही गोष्ट. एका माळावर भुईमुगाची काढणी उरकली. मातीत मागे राहिलेल्या शेंगांचा सरवा वेचायला सगळ्यांची झुंबड उडाली. नांगर फिरेपर्यंत जो वेचेल, त्याच्या त्या शेंगा.

खारूताईही निघाली होती. तेवढ्यात बांधावरून कोल्होबांनी हाक मारली, "खारूताई, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे! चार प्रश्नांची उत्तरं द्या, बसल्या जागी शेंग मिळवा."

तिचं मत आजवर नवऱ्यानेही विचारलं नव्हतं. ती शेपटी सावरून ऐटीत बसली. शेंग कच्ची आवडते की भाजकी? सोलताना मन प्रसन्न असतं का? चाराचे चाळीस प्रश्न झाले, तेव्हा कोल्होबा हळहळले, "अरेरे, आम्हाला डाव्या हाताने खाणाऱ्या खारीच हव्या होत्या. उद्या या हं!"

ती दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्याही. वाटेत उंदरीणबाई म्हणाली, "अगं बाई, आधी वेचून घे!"

"तू बस माती उकरत," खारूताईने नाक मुरडलं. "मी डोकं चालवून कमावते."

शेवटी एक शेंग मिळाली, तीही पोचट. शेतात नांगर फिरला. खारूताईची ढोली रिकामीच राहिली.

काही दिवसांनी कोल्होबा झाडाखाली आले. "उपाशी खारींची मतं हवी होती."

खारूताई धडपडत खाली उतरली. "विचारा ना! आणि आता मला डाव्या हातानेही खाता येतं."