अर्ध्या उन्हातली शेळी

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्याच्या राज्यातल्या आरशांना एक गुण होता. कुणी आरशात मनापासून पाहिलं, की आरसा ते रूप बरोबर एक वर्ष धरून ठेवी. वर्ष संपत आलं की ते कडेकडेने पुसायला लागे. रूप कायमचं हवं असेल, तर घरात छापपेटी लागे. पेटीत आरसा घालायचा, रंग भरायचे, दांडा फिरवायचा, की रूप कागदावर उतरे. पण एकदाच. मग आरसा कोरा. पेटी फसवी निघाली, तर रडत बसण्यापलीकडे काही उरत नसे.

त्या राज्यातल्या एका गावात एक रंगारीण राहायची. कापड रंगवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि संशय घेण्यातही नव्हतं. दूधवाल्यासमोर ती दूध बोटाने चाखून बघायची. देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगायची. लग्न होऊन आली तेव्हा पाच वर्षं तिने सासूवरही संशय घेतला. सासूने ते मनावर घेतलं नाही. तिने सुनेला नीळ कशी भिजवायची ते शिकवलं, आणि एक रीतही शिकवली. "नवा रंग आला की तुकडा दगडावर ठेवायचा. अर्ध्यावर फरशी, अर्धा उन्हात. सात दिवसांनी फरशी उचलायची. माणसाला काही विचारायचं नाही."

पुढे सासूवर तिचा एवढा जीव जडला, की सासू गेली तेव्हा ती महिनाभर नीट जेवली नाही. मागे उरला तो एक आरसा. त्यात सासू हसत होती आणि हसू आवरायला तिने निळी बोटं आरशाच्या कडेकडच्या गालाला लावली होती. जन्मभर नीळ कालवून ती बोटं कायमची निळी झाली होती. याच बोटांनी तिने सुनेचे हात धरून तिला काम शिकवलं होतं.

आरशाचं वर्ष भरायला नऊ दिवस उरले, तेव्हा गावात जत्रा भरली आणि छापपेट्यांचे दोन विक्रेते आले.

पहिल्याची पेटी मोरांच्या नक्षीची होती. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तो राजाचं लखलखीत चित्र काढून दाखवी. "घ्या ताई! रंगाच्या वाट्या पहिल्यांदा फुकट. मात्र पुढे रंग आमच्याकडचाच घ्यायचा हं. दुसरा घातला की पेटी रुसते."

"रंगात काय काय घालता?" रंगारणीने विचारलं.

"ते आमच्या घराण्याचं गुपित."

"असू दे. राजा नको, माझी शेळी छापा." तिने शेळीला दाखवून आणलेले दोन लहान आरसे पदरातून काढले. विक्रेत्याने तोंड वाकडं केलं, पण लोक बघत होते. त्याने दांडा फिरवला. शेळी अशी सोन्यासारखी उजळून निघाली, की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगारणीच्या कपाळाला मात्र आठी पडली. माझी शेळी एवढी देखणी कधीपासून झाली?

दुसरा विक्रेता म्हातारा होता. त्याची पेटी साधी, खरबरीत लाकडाची. चित्र उतरायला भात शिजायला लागतो तेवढा वेळ लागला. शेळी शेळीसारखीच आली.

"काळा काजळीचा, लाल मंजिष्ठेचा, पिवळा डाळिंबाच्या सालीचा," तो न विचारताच म्हणाला. "निळा तुम्हीच करता. घरचे रंग भरा, चालतील. गडद निळा मात्र माझ्या पेटीत थोडा फिकाच येतो, आधीच सांगून ठेवतो."

स्वतःच्याच मालाला नावं ठेवतोय? रंगारणीला त्याचा जास्तच संशय आला. यात नक्की काहीतरी मेख आहे, असं पुटपुटत ती घरी आली. तिने दोन्ही शेळ्या अंगणात दगडावर ठेवल्या, अर्ध्यावर फरशी, अर्ध्या उन्हात.

शेजारच्या सोनारणीला हसू आवरेना. तिने मोरांची पेटी त्याच दिवशी घेतली होती, वडिलांचं चित्र छापून दारासमोर लावलंही होतं. "अगं, तू शेळ्याच वाळवत बस. माझे बाबा बघ कसे चमकतायत!"

रंगारणीने फरश्या पुन्हा नीट बसवल्या. तिला राग आला होता, थोडी भीतीही वाटत होती.

सात दिवसांनी तिने फरश्या उचलल्या. मोरांच्या पेटीतली शेळी फरशीखाली सोनेरी होती आणि उन्हाकडे राखेसारखी. सोनं हळदीचं होतं. हळद उन्हात उडते, हे रंगाऱ्यांच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हाताऱ्याची शेळी दोन्हीकडे सारखीच होती.

तेवढ्यात शेजारून रडण्याचा आवाज आला. दारासमोर ऊन पडत होतं आणि सोनारणीच्या बाबांचा चेहरा जवळजवळ उडाला होता. मोरांचा विक्रेता कालच गाव सोडून गेला होता. आरसा तर कोराच होता.

"चल, म्हाताऱ्याकडे जाऊ या," नवरा म्हणाला. "दोन दिवस उरलेत."

"थांबा हो. उन्हात टिकली, पण पाण्यात? एवढा सरळ माणूस असतो का कुठे?"

"अगं, आईने ऊन सांगितलं होतं. पाणी कुठे सांगितलं होतं?"

पण तिचं मन मानेना. तिने शेळी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवली. रंग तसूभरही हलला नाही. तरी रात्र तिने कुशी बदलतच काढली.

नवव्या दिवशी सकाळी तिने आरसा हातात घेतला. कडा पुसायला लागल्या होत्या. सासू हसत होती, पण गालावरची निळी बोटं नव्हती.

ती अनवाणी धावत सुटली. म्हातारा गाडीला बैल जुंपत होता. "बाबा, पेटी द्या! आत्ता द्या!"

त्याने आरशाकडे पाहिलं, पेटी उतरवली आणि दांडा तिच्या हातात दिला. भात शिजेल एवढा वेळ ती श्वास रोखून दांडा फिरवत राहिली. कागदावर सासू उतरली, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्यांसकट.

"आठ दिवस इथेच बसलो होतो, ताई," म्हातारा म्हणाला. "परवा यायचं ना."

रंगारणीने चित्र उराशी धरलं. ती तिथेच रडली.

ते चित्र पुढे पिढ्यान् पिढ्या टिकलं, रंग कधी उडाला नाही. म्हाताऱ्याची पेटी गावात घरोघरी फिरली, सोनारणीकडेही. पण पाहुणे विचारत, "सासूबाई हसताना हात कशाला उचलतायत? पुढे तर काहीच दिसत नाही." तेव्हा रंगारीण स्वतःची बोटं पुढे करी. आता तीही निळी झाली होती. "इथे होती त्यांची बोटं," ती म्हणे. "पेटीने नाही, मीच घालवली."

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: संशय मनात मुरवू नका, उन्हात घाला, आणि उन्हाने उत्तर दिलं की ते माना.