रिकामा न होणारा कप्पा

“मग ती मेल जात का नाही, माई?”

आश्रमाच्या प्रमुख माई गुरूंच्या समाधीवरची कालची फुले वेताच्या टोपलीत उतरवीत होत्या.

विश्वंभर उंबरठ्यावरच उभा होता. अभियंत्याची नोकरी सोडून तो या आश्रमात आला होता आणि थोड्याच काळात कार्यालयाचा सारा कारभार त्याच्याकडे आला होता. यंदा चातुर्मासाची प्रवचनेही माई आपल्यालाच करायला सांगतील, असे तो मनाशी धरून होता.

“मी ती स्वतः डिलीट केली. डिलीट केलेल्या मेल ज्या कप्प्यात जाऊन पडतात, तो कप्पाही मी रिकामा करतो. बाकीच्या सगळ्या जातात. ही एकच राहते.”

“रोज?”

“रोज. म्हणजे कोणीतरी ती राखून ठेवते आहे.”

“कोण?”

विश्वंभरने आवाज खाली आणला.

“माझ्याखेरीज त्या संगणकावर एकच माणूस बसतो.”

तो माणूस ओसरीच्या दुसऱ्या टोकाला वाती वळत बसला होता. त्र्यंबककाका. टपालखात्यातून निवृत्त झालेले आणि पत्नी गेल्यावर इथे येऊन राहिलेले. दुपारी आश्रमाच्या मेल वाचाव्या आणि साधकांना उत्तरे धाडावी, एवढे एकच काम त्यांनी माईंकडून मागून घेतले होते. कार्यालयाच्या दोन किल्ल्यांपैकी एक विश्वंभरकडे, तर दुसरी त्यांच्या जानव्याला बांधलेली असे.

“ऐकू येतंय मला,” काका म्हणाले. “कान अजून निवृत्त झालेले नाहीत.”

“बरे झाले. मग सांगा काका, काल मी खुर्ची भिंतीला लावून गेलो होतो. संध्याकाळी पाहतो, तर ती पुढे होती.”

“अरे, खुर्ची पुढे ओढली नाही तर मी टाइप कुठून करू? भिंतीतून?”

“आणि माऊस डावीकडे होता.”

“मी डावखुरा आहे, महाराज. जन्मापासून. तेव्हा तुमची ही मेल आली नव्हती.”

माईंच्या ओठांवर हसू येऊन गेले. विश्वंभर हसला नाही.

“माई, मला पासवर्ड बदलू द्या. काकांची किल्लीही माझ्याकडे असू द्या. आणि काकांनी उद्यापासून कार्यालयात येऊ नये.”

वाती वळणारे हात थांबले.

काका उठले. जानव्याची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. बोटांना कापूस चिकटलेला होता. किल्ली त्यांनी माईंपुढे ठेवली.

“जन्मभर लोकांची पत्रं या हातांतून गेली. दुसऱ्याचं एक पाकीट उजेडाला धरून पाहिलं नाही मी.” त्यांनी बोटांवरचा कापूस झाडला. “त्या खोलीत बसलो की दुपार सरते, माई. नाहीतर दुपार फार मोठी असते… पण तुम्ही म्हणाल तसं.”

ते पुन्हा जागेवर जाऊन बसले. वाती मात्र त्यांनी हातात घेतल्या नाहीत.

माईंनी किल्ली मुठीत घेतली.

“त्या मेलमध्ये काय आहे, विश्वंभर?”

“चिपळूणच्या एका बाईंनी लिहिले आहे. माझ्या प्रवचनाविषयी…” तो अडखळला. “महत्त्वाचे काही नाही.”

“महत्त्वाचे नाही, ते कोण राखील?”

“तेच तर म्हणतो. कोणाला तरी ती तुम्हाला दाखवायची आहे.”

माईंनी टोपली त्याच्याकडे सरकवली.

“आधी हे निर्माल्य टाकून ये.”

या आश्रमात निर्माल्याची एक जुनी रीत आहे. फणसाखालच्या खड्ड्यात ते टाकायचे आणि मागे वळून न पाहता परतायचे. ज्याने वळून पाहिले, त्याची टोपली भरलेली धरतात. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

विश्वंभर गेला. ओसरीवरून ती वाट दिसत होती. त्याने टोपली खड्ड्यात पालथी केली, दोनदा झटकली आणि तो निघाला. कार्यालयावरून येताना मागे दाराची कडी वाजली.

तो वळला.

दार वाऱ्याने हलत होते. पलीकडे फणस, आणि फणसाखाली फुलांचा ओला ढीग.

तो ओसरीवर आला, तेव्हा काका होते तिथेच बसलेले होते. त्याने टोपली माईंसमोर ठेवली. आत एक पाकळीही नव्हती.

माईंनी टोपलीत वाकून पाहिले.

“भरलेली आहे.”

विश्वंभरचा चेहरा उतरला.

“दार वाजले, माई. मला वाटले, काका…”

“चल. तुझा तो कप्पा दाखव.”

त्या टोपली हातात घेऊनच उठल्या. काकांनाही त्यांनी खुणेने बोलावले. किल्लीने कुलूप काढावे लागले नाही. सकाळपासून कार्यालय उघडेच होते.

विश्वंभर खुर्चीवर बसला. त्याने कप्पा उघडला आणि तो रिकामा करण्याची आज्ञा दिली. पडद्यावर नेहमीचीच सूचना उमटली: ‘ही मेल वापरात आहे. आता हटवता येणार नाही.’

“पाहिलेत? वापरात. कोणाच्या, एवढेच मी विचारतो आहे.”

“आज दार कोणी उघडले?”

“मी. काकडआरतीनंतर.”

“तुझ्यानंतर कोण आले?”

“कोणी नाही. काका दुपारी येतात… पण कालपासून त्यांनी ती उघडी ठेवली असेल.”

“रात्री संगणक बंद करतोस ना?”

“मी स्वतः. दुसऱ्या कोणावर सोडत नाही.”

बोलून झाल्यावर तो पडद्याकडे पाहत राहिला.



माईंनी चष्मा लावला आणि पडद्याच्या तळाशी बोट टेकवले. तिथल्या पट्टीवर एक लहानसा चौकोन उजळलेला होता.

“हे खाली काय सारून ठेवले आहे?”

विश्वंभरने चौकोनावर क्लिक केले. मेल पडदाभर पसरली. माईंनी ती अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचली.

“‘विश्वंभरजींचे प्रवचन ऐकले. शब्द सुंदर होते. पण प्रत्येक वाक्यानंतर ते आमच्या चेहऱ्यांकडे पाहत होते. त्यामुळे आम्हालाही देव सोडून त्यांच्याकडेच पाहावे लागले.’”

काकांनी मान खिडकीकडे वळवली.

“ही कोणी उघडली?”

“…मी.”

“कशाला?”

“कोणी हात लावला आहे का, ते पाहायला. मग ती खाली सारतो. म्हणजे पुन्हा पाहायची झाली तर…”

“रोज?”

विश्वंभरने मान खाली घातली.

“रोज.”

त्याने मेल बंद केली आणि कप्पा रिकामा करण्याची आज्ञा पुन्हा दिली. या वेळी सूचना उमटली नाही. कप्पा रिकामा झाला.

“गेली,” तो हलकेच म्हणाला.

मग तो उठला. माईंच्या हातातली किल्ली त्याने मागून घेतली, ती काकांच्या तळहातावर ठेवली आणि वाकून त्यांच्या पायांना स्पर्श केला.

“काका, मी तुमच्यावर नाहक आळ घेतला. किल्ली तुमची आहे. खोलीही.”

काकांनी किल्ली जानव्याला बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली.

“खुर्ची मात्र मी पुढे ओढणार हो.”

“ओढा, काका.”

“आणि माऊस डावीकडे.”

“डावीकडे.”

काका मोकळे हसले. विश्वंभरही हसला. तो दारापर्यंत गेला. चौकटीला हात लावून थांबला.

वळला.

“काका… ती मेल आजच्या आधी तुम्ही वाचली होती का?”

काकांनी उत्तरासाठी तोंड उघडले.

माईंनी हात वर करून त्यांना थांबवले. रिकामी टोपली त्यांनी विश्वंभरच्या हातात दिली.

“जपून ने. फार भरली आहे.”