पाठीवरची पांढरी खूण

फार पूर्वी, नदीला पूल नव्हता तेव्हा कासवंच सशांना पैलतीरी नेत. एकदा म्हाताऱ्या धोंडोबाच्या पाठीची जुनी भेग भर धारेत उकलली. तो कळवळून कलंडला आणि ससे बुडता बुडता वाचले.

तरणी कासवीण तुंगी म्हणाली, "दर पौर्णिमेला एकमेकांच्या पाठी तपासू. धड पाठीवरच पांढऱ्या मातीची खूण करू."

"हुकूम कोणाचा?" धोंडोबा गुरकावला. "माझी पाठ माझ्या बापानंही तपासली नाही!"

"म्हणून तर बुडवत होतात, आजोबा! हुकूम कोणाचाच नाही. आपणच ठरवायचं."

तिनं पहिली पाठ स्वतःची दाखवली. बारीकशी भेग निघाली. तुंगी खूण न घेता, एकही ससा पाठीवर न घेता काठावर बसून राहिली. ते पाहून एकेक कासव पाठ दाखवायला आलं.

दोघांच्याही भेगा भरल्यावर धोंडोबाही पाठ दाखवायला आला. खूण मिळताच सशांना म्हणाला, "नीट बघून बसा रे, आमचा नियम आहे!"

तुंगीची मान अभिमानानं ताठ झाली.